मोडेन पण वाकणार नाही

१६ जानेवारी १९४३ची रात्र. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या स्वॅन आयलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून ठेवलेलं होतं. ते बांधून पूर्ण झाल्याला जेमतेम पंधरवडा उलटला होता आणि समुद्रावरच्या चाचण्या आटोपून ते नुकतंच परतलं होतं. पाणी संथ होतं. कुणी धडक दिली नव्हती, आणि महायुद्ध पेटलेलं असलं तरी शत्रू तिथून हजारो मैल दूर होता. हवेचं तापमान शून्याखाली तीन अंश, पाण्याचं चार अंशांच्या आसपास. रात्री अकराच्या सुमाराला मैलभर अंतरावर ऐकू जाईल असा कडकडाट झाला आणि जवळजवळ १६० मीटर लांबीचं ते जहाज मधोमध फाटलं. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या, शाबूत राहिला तो फक्त तळाचा पत्रा. त्या पत्र्यावर जहाज दुमडलं, मधला भाग पाण्याच्या वर उचलला गेला आणि दोन्ही टोकं नदीच्या तळाला जाऊन टेकली.

पोलादाचा हा स्वभाव नव्हे. पोलादावर भार वाढला की ते आधी वाकतं, ताणलं जातं, त्याला पोचे पडतात. मोडायची वेळ आलीच तर ते पुरेशी आगाऊ सूचना देऊन मोडतं. आपण पुलावरून निर्धास्त जातो ते याच सोशिकपणाच्या भरवशावर. स्केनेक्टडीनं मात्र काचेसारखा दगा दिला, आणि तोही उभ्या जागी.

ती एकटी नव्हती. युद्धासाठी अमेरिकेनं त्या काळात जहाजांचा असा धडाका लावला होता, की ‘लिबर्टी’ जातीची मालवाहू जहाजंच २,७०० हून अधिक बांधली गेली. त्यांतलं ‘रॉबर्ट ई. पीअरी’ तर नोव्हेंबर १९४२मध्ये पाच दिवसांच्या आत उभं राहिलं. इतकी घाई शक्य झाली ती वेल्डिंगमुळे. पूर्वी पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेट ठोकत, आता ते थेट वितळवून जोडले जाऊ लागले. पण युद्ध संपल्यावर चौकशी मंडळानं हिशेब मांडला, तेव्हा वेल्डिंगनं बांधलेल्या सुमारे ४,७०० व्यापारी जहाजांपैकी ९७० जहाजांना तडे गेल्याचं दिसलं. बहुतेक तडे छोटे होते. काही जहाजं मात्र सरळ दोन तुकडे होऊन गेली, आणि माणसंही गेली.

पहिला संशय अर्थातच वेल्डिंगवर आणि ते करणाऱ्या कामगारांवर गेला. घाईनं उभ्या केलेल्या गोद्यांत नुकतेच हे काम शिकलेले हजारो स्त्री-पुरुष राबत होते, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणं सोपं होतं. ब्रिटनमध्ये हा प्रश्न केंब्रिज विद्यापीठातल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांच्याकडे आला. त्यांनी फुटलेल्या पत्र्यांचे नमुने तपासले आणि बोट ठेवलं ते खुद्द पोलादावर. वेल्डिंगमुळे एक गोष्ट नक्की घडली होती: रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला पोचला की थांबायचा, वेल्ड केलेल्या जहाजात मात्र सगळा सांगाडा एकसंध असल्यामुळे त्याला वाट मोकळी मिळाली. डेकवरच्या चौकोनी झाकणांच्या टोकदार कोपऱ्यांवर ताण एकवटायचा आणि तडे तिथून सुरू व्हायचे, हेही खरं. पण मूळ रहस्य वेगळंच होतं. हे पोलाद एका ठरावीक तापमानाच्या वर सोशिक होतं आणि त्याच्या खाली ठिसूळ. उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात जहाजं नेमकी ती सीमा ओलांडत होती.

यातली थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. थंडीत पोलाद कमजोर होतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात होतं उलट. गारठ्यात पोलादाची ताकद वाढते. थंड पोलाद वाकवायला जास्त जोर लावावा लागतो. द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीत तर साध्या पोलादाला नेहमीच्या दुपटीहून अधिक जोर लागतो. आणि ही वाढलेली ताकदच त्याच्या जिवावर उठते. ते समजून घ्यायचं तर धातूच्या आत, अणूंच्या वस्तीत उतरायला हवं.

धातूतले अणू शिस्तीत, रांगांवर रांगा करून बसलेले असतात. पट्टी वाकते तेव्हा त्यांचा एक थर दुसऱ्यावरून सरकलेला असतो. पण अख्खा थर एकदम सरकवायचा, तर लाखो बंध एकाच क्षणी तोडावे लागतील. तसा हिशेब केला तर धातू वाकवायला प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारपट जोर लागायला हवा. मग आपण हातानं तार वाकवतो ती कशी? हे कोडं १९३४मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे सोडवलं: ब्रिटनमध्ये जी. आय. टेलर, आणि मूळचे हंगेरीचे ओरोवान व पोलान्यी. लग्नघरात अंथरलेली भली मोठी सतरंजी हातभर सरकवायची असेल तर एका टोकाला धरून ओढून ती हलत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडली आणि ती पायानं ढकलत पलीकडे नेली, की सतरंजी अलगद पुढे सरकते. धातूच्या स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात, अणूंच्या रांगेतल्या चुका. शास्त्रज्ञ त्यांना डिसलोकेशन म्हणतात. सुरकुती एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जाते, एका वेळी थोडेच बंध तुटतात आणि पुन्हा जुळतात, आणि धातू न फुटता वाकतो. आपण ज्याला धातूचा चिवटपणा म्हणतो, तो या कोट्यवधी सुरकुत्यांच्या हालचालीचा चिवटपणा आहे.

टिपर यांच्या आयुष्यातला एक धागा मला इथे फार मोलाचा वाटतो. लग्नापूर्वी, कॉन्स्टन्स ईलम या नावानं, १९२०च्या दशकात याच टेलर यांच्याबरोबर त्यांनी अॅल्युमिनियमच्या एकेका स्फटिकाला ताण देऊन त्याचे थर कसे सरकतात याचा बारकाईनं अभ्यास केला होता. धातू कसा नमतो हे ज्यांनी तरुणपणी डोळ्यांनी मोजून पाहिलं, त्यांच्याकडेच वीस वर्षांनी प्रश्न आला की तो नमायचं कधी सोडतो. कोणतंही जहाज डोळ्यांसमोर नसताना, निव्वळ कुतूहलानं केलेलं काम पुढे माणसांचे जीव वाचवायला उपयोगी पडलं.

आता थंडी काय करते ते पाहू. अणू कधीच स्वस्थ बसलेले नसतात. प्रत्येक अणू आपल्या जागी सेकंदाला काही लाख कोटी वेळा थरथरत असतो, आणि उष्णता म्हणजे हीच थरथर. लोखंडाच्या स्फटिकाचं घर म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि बरोबर मध्यभागी एक. या रचनेत सुरकुतीचा गाभा एका सपाट थरात न मावता तीन दिशांना पसरलेला असतो. त्यामुळे ती जागच्या जागी रुतून बसते आणि पुढच्या रांगेत जायला तिला नुसता बाहेरचा दाब पुरत नाही, अणूंच्या थरथरीचा धक्काही लागतो. पोलाद उबदार असतं तोवर असे धक्के सतत मिळत राहतात आणि सुरकुत्या वाहत्या राहतात. तापमान उतरलं की धक्के विरळ होतात. सुरकुत्या रुततात. मग त्यांना हलवायला बाहेरूनच जास्त जोर लावावा लागतो. पोलादाची ‘ताकद वाढली’ असं आपण मोजतो ते हेच.

पण भार सोसण्याचे रस्ते दोनच असतात: थर सरकणं किंवा बंध तुटून भेग पुढे जाणं. अणूंचे थर एकमेकांपासून उभे फाडायला जो जोर लागतो, तो थंडीनं फारसा बदलत नाही. सरकण्याची किंमत मात्र प्रत्येक अंशागणिक चढत जाते. एका ठरावीक तापमानाला फाटणं हे सरकण्यापेक्षा स्वस्त होऊन बसतं, आणि तिथून खाली पोलाद मोडतं पण वाकत नाही.

भेगेचं गणित १९२१मध्ये अॅलन ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरनं काचेवर काम करून मांडलं होतं. भेग वाढली की ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करण्याच्या खर्चाहून जास्त ठरली, की भेग आपली आपण धावू लागते. काचेत हा खर्च अगदी किरकोळ असतो. उबदार पोलादात भेगेच्या टोकाशी सगळा धातू सरकू लागतो, टोक बोथट होतं आणि खर्च हजारो पटींनी वाढतो, म्हणून भेग अडते. थंड पोलादात हे बोथट होणंच बंद पडतं. टोक धारदार राहतं आणि तडा सेकंदाला किलोमीटरहूनही जास्त वेगानं धावू शकतो. स्केनेक्टडीच्या डेकची रुंदी पार करायला त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसणार.

ठिसूळपणाची ही सीमा मोजायची रीत फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी ती १९०१मध्ये मांडली आणि आजही प्रत्येक पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती चालते. दहा मिलिमीटर जाडीच्या चौकोनी कांडीला मध्यभागी दोन मिलिमीटर खोल खाच पाडतात, ती कांडी हव्या त्या तापमानाला आणतात आणि लंबकासारखा झुलणारा जड हातोडा तिच्यावर सोडतात. कांडी तोडून हातोडा पलीकडे किती उंच गेला, यावरून किती ऊर्जा खर्ची पडली ते कळतं. एकच पोलाद उबदार असताना शंभर जूलहून जास्त ऊर्जा गिळतं आणि गारठ्यात दहासुद्धा गिळत नाही. तुटलेले तुकडे हातात घेतले की फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो: उबदार कांडीचा तुटलेला भाग मळकट, तंतुमय, ओढून फाडल्यासारखा असतो आणि थंड कांडीचा लखलखीत, खडीसाखरेसारखा दाणेदार. तो लखलखाट म्हणजे सरळ फाटलेल्या स्फटिकांच्या सपाट बाजू. १९१२मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या सांगाड्याचे तुकडे पुढे समुद्रतळातून वर आणून याच चाचणीला घातले गेले. त्यांची ठिसूळपणाची सीमा शून्याच्या कितीतरी वर निघाली. त्या रात्री समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या आसपास होतं. जहाज बुडवलं हिमनगानंच, पण त्याच्या पत्र्याकडे त्या पाण्यात सोशिकपणा फारसा उरलेला नव्हता.

मग सगळेच धातू गारठ्याला असे बळी पडतात का? नाही, आणि ही निसर्गाची मोठी कृपा. तांबं, अॅल्युमिनियम आणि निकेल यांच्या अणूंची मांडणी वेगळी, जास्त दाटीची असते: घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक अणू. तिथे सुरकुत्यांचे रस्ते इतके सपाट असतात, की थरथरीचा धक्का नसला तरी त्या घसरत राहतात. असा धातू उणे दोनशे अंशांच्या खालीही वाकतो. लोखंडात पुरेसं क्रोमियम आणि निकेल मिसळलं, की त्याचे अणूसुद्धा ही दाट मांडणी स्वीकारतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या प्रतीच्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलच्या भांड्यांचं पोलाद याच कुळातलं.

हा धडा माणसानं फार महाग विकत घेतला. २० ऑक्टोबर १९४४ला अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली. तो वायू उणे १६० अंशांच्या आसपास साठवलेला होता आणि टाकीच्या पोलादात साडेतीन टक्केच निकेल होतं. गळलेला वायू रस्त्यांवर, गटारांत पसरला आणि पेटला. सुमारे १३० माणसं गेली. पुढे अशा टाक्यांच्या आतल्या भिंतीसाठी नऊ टक्के निकेलचं पोलाद रूढ झालं. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या टर्मिनलवर जहाजांतून एलएनजी, म्हणजे हाच द्रवरूप वायू, उतरतो तो याच तापमानाचा. कोकणच्या दमट उकाड्यात, काही हात अंतरावर उणे १६० अंशांचा द्रव सुखरूप साठून राहतो यामागे अणूंच्या मांडणीचं हे ज्ञान आहे. त्याहून पुढची पायरी इस्रोची. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो. ५ जानेवारी २०१४ला भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही रॉकेट पहिल्यांदा यशस्वीपणे झेपावलं, तेव्हा साधं पोलाद ज्या थंडीत काचेसारखं तडकेल त्या थंडीत त्याच्या टाक्या आणि नळ्या दाब सोसत होत्या.

रबर आणि प्लास्टिकचा कारभार निराळा. तिथे धातूंसारख्या अखंड स्फटिकांच्या रांगा नसतात, लांबच लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. उबेत त्या साखळ्या वळवळत राहतात, ताणल्या की सुटतात, सोडलं की पुन्हा गुंततात. तापमान एका मर्यादेखाली गेलं की वळवळ थिजते आणि रबर काचेसारखं होतं. नैसर्गिक रबराची ही मर्यादा उणे ७० अंशांच्या आसपास आहे. घरोघरी दिसणाऱ्या पॉलीप्रॉपिलीनच्या डब्याची मात्र शून्याच्या जवळपास. म्हणून फ्रीझरमधून काढलेला डबा हातातून पडला की तडकतो, आणि त्याच फ्रीझरमधली दुधाची पिशवी, वेगळ्या साखळ्यांच्या पॉलीथिनची असल्यामुळे, मऊच राहते.

रबर पूर्ण थिजायचीही गरज नसते, नुसतं आळसावलं तरी अनर्थ होतो. २८ जानेवारी १९८६च्या सकाळी ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणाला उभं होतं तेव्हा हवेचं तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. त्याआधीचं सर्वांत थंड उड्डाण बारा अंशांना झालेलं. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी विनवून सांगितलं होतं, की एवढ्या थंडीत सांध्यांमधली रबराची कडी वेळेत फुलून फट बुजवणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले. पुढे चौकशी आयोगाच्या जाहीर सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, काही वेळानं चिमटा काढला आणि दाखवलं: रबर पूर्वीच्या आकारात लगेच येत नाही. एका पेल्यात सगळं उत्तर मावलं होतं.

आणि हे सगळं फक्त दूरदेशी घडतं असं नाही. मुंबईच्या लोकलनं जाणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत ‘रुळाला तडा’ ही घोषणा पाठ असते. लांबच लांब वेल्ड केलेला रूळ दोन्हीकडून जखडलेला असतो. पहाटेच्या गारव्यात त्याला आकसायचं असतं, पण आकसता येत नाही, म्हणून तो ताणला जातो. बसवताना होतं त्यापेक्षा तापमान वीस अंशांनी उतरलं, तर मीटरला ६० किलो वजनाच्या नेहमीच्या रुळात सुमारे ३७ टनांचा ताण साठतो. रुळाचं पोलाद झीज सोसण्यासाठी मुद्दाम कडक केलेलं असतं, म्हणून मुळातच कमी नमतं. आत कुठे केसाएवढी भेग असेल तर पहाटेची गाडी तिच्यावर अखेरचा घाव घालते. याच कारणासाठी थंडीच्या रात्री ट्रॅकमन हातात बॅटरी घेऊन रुळांवरून मैलोगणती चालत गस्त घालतात. आपण गाडीत डुलक्या घेत असताना कुणीतरी पोलादाच्या स्वभावावर पाळत ठेवून असतं, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

जहाजांच्या त्या दुर्घटनांनंतर पोलाद बनवण्याची रीतच बदलली. कार्बन कमी, मँगनीज जास्त, गंधकाला चाप आणि स्फटिकांचे कण बारीक. कण बारीक केला की ताकद आणि सोशिकपणा दोन्ही एकदम वाढतात, आणि असा दुहेरी लाभ देणारे उपाय धातुशास्त्रात फार थोडे आहेत. भारतात इमारती-पुलांसाठी पोलादाचं जे मानक आहे, आयएस २०६२, त्यात पोलादाच्या नावापुढे छोटीशी अक्षरं असतात. ‘बीआर’ म्हणजे शार्पीच्या हातोड्याचा घाव, मागणी असल्यास, नेहमीच्या तापमानाला सोसून दाखवलेलं, ‘बी-शून्य’ म्हणजे तोच घाव सक्तीनं शून्य अंशाला आणि ‘सी’ म्हणजे उणे वीस अंशांना. सह्याद्रीतल्या पुलाला जे पोलाद पुरतं ते लडाखमधल्या पुलाला पुरेलच असं नाही, हे त्या एका अक्षरात सांगितलेलं असतं. ‘हे मजबूत आहे का?’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. ‘किती अंशांवर?’ हे त्याच्यासोबत विचारावंच लागतं, आणि हे विचारायची सवय माणसाला ज्या जहाजांनी, टाकीनं आणि यानानं लावली, त्यांच्यासोबत गेलेल्या माणसांचं आपल्यावरचं ऋण तो प्रश्न दर वेळी विचारूनच फिटणार आहे.